भाकऱ्या कुणी थापल्या, ते लिही

ताई,

माझी आजी गेल्या वर्षी गेली. ८७ वर्षांची होती. सगळी चाळ तिला आक्का म्हणायची. माण तालुक्यातून लग्न होऊन ती लालबागला आली. आजोबा मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या मागांवर, होते आणि आजी दहा बाय बाराच्या खोलीत मिलमधल्या माणसांची खाणावळ चालवायची. वर्षश्राद्धाला सोळा पानांची आठवणींची पुस्तिका काढायचं ठरलंय आणि ‘तू बरं लिहितेस’ म्हणून ते माझ्या गळ्यात पडलंय. मोठे काका, म्हणजे आत्याच्या पाठचे, म्हणतात की खाणावळीचा पाल्हाळ नको, ‘कठीण दिवसांत संसाराला हातभार लावला’ एवढं पुरे. आत्या म्हणते, ‘लिवणार आसशील तर ह्ये बी लिव, दुष्काळाच्या साली मला सातवीतनं काढली आन् भाकरी थापायला बसवली.’

ट्रंकेत एक लाल कापडी वही सापडली. उधारीची. पंचवीसेक माणसांची नावं, पुढे आकडे. अक्षर अर्ध्यातून बदललंय. शेवटची नोंद मे १९८२ची. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. काका म्हणतात, वही रद्दीत टाक.

आणि खरं सांगू? लिहायला बसले की मला फक्त तिची शेवटची तीन वर्षं दिसतात. तिला विस्मरण झालं होतं. डायपर, रबरी चादर, गोळ्यांचा डबा. पहाटे तीनला उठून बसायची आणि ‘पीठ मळलं का गं? पाळीची येळ झाली’ म्हणायची. मला आत्याच्या नावाने हाका मारायची. एकदा मी तिच्यावर ओरडले. खरी आजी मला आठवतच नाही. काय लिहू, आणि कुणाचं ऐकू?

— एक नात, डोंबिवली

ता. क. वर्षश्राद्धाच्या केटररचा मेनू ठरलाय, पण मला त्या दिवशी खाणावळीचं जेवण करावंसं वाटतं. चालेल का?

•

डोंबिवलीच्या नातीस,

तू मला ताई म्हटलंस म्हणून मी सरळ अगं-तुगं करते.

तुझ्या पत्राचा शेवट आधी घेते. खरी आजी आठवत नाही म्हणतेस. मग पहाटे तीनला उठून पीठ मळलं का विचारणारी बाई कोण होती? या आजारात बहुतेक वेळा आजचं आधी पुसलं जातं आणि जुनं मागे राहतं. दुपारी जेवलो की नाही ते सांगता येत नाही, पण पन्नास वर्षांपूर्वीचा भोंगा ऐकू येतो. सातच्या पहिल्या पाळीला जाणाऱ्यांचं जेवण तयार ठेवायचं तर तीनलाच उठावं लागणार. तुझी आजी ती तीन वर्षं डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये राहिलीच नाही, ती लालबागच्या खोलीत कामावर होती. तुला आत्याच्या नावाने हाक मारायची, कारण त्या खोलीत तिच्या हाताखाली तीच पोरगी होती. म्हणजे तुझ्या जन्माआधी बंद पडलेली खाणावळ तू तीन वर्षं, रात्रीच्या रात्री, पाहिली आहेस. घरातल्या इतरांनी ती पाहून चाळीस वर्षं उलटली. पुस्तिका तिथूनच सुरू कर, डोंबिवलीत, पहाटे तीन वाजता. रबरी चादर असू दे तिथे.

ओरडलीस त्याचं म्हणशील तर एका रात्रीत तिसऱ्यांदा उठवलेलं माणूस ओरडतं. मीही माझ्या सासूबाईंवर ओरडले आहे. त्यावर त्यांनी माझ्या नवऱ्याला हळूच विचारलं होतं, ‘ही कडक बाई कोण ठेवली आहेस रे?’ पुस्तिकेत ते लिहायलाच हवं असं नाही.

आता काकांच्या ‘हातभारा’कडे येऊ. तुझ्या वहीत पंचवीस माणसं आहेत. दिवसभर साच्यापुढे उभं राहणारा माणूस दोन्ही वेळच्या मिळून आठ भाकऱ्या सहज खातो. दोनशे झाल्या. किलोभर पिठात दहा-बारा भाकऱ्या होतात, म्हणजे रोज सतरा ते वीस किलो पीठ. एका भाकरीला दोन मिनिटं धर: मळणं, थापणं, तव्यावर टाकणं, पाण्याचा हात फिरवणं, उलटणं, फुगवणं. चारशे मिनिटं. साडेसहा तासांहून जास्त, आणि हे नुसत्या भाकऱ्यांचे. कालवण, भात, भांडी, नळाची वेळ, रेशन, रॉकेलची रांग या हिशेबात धरलेलीच नाही. हिशेब मी अंदाजाने मांडलाय, आत्या तो दुरुस्त करेल. ‘पाच खायची गं माणूस, आठ कुटली’ म्हणेल, तर तेही लिहून घे. पण एवढ्या कामाला हातभार म्हणायचं असेल, तर भार कुणी उचलला होता ते आधी ठरवावं लागेल.

बाप्या कमावतो आणि बाई हातभार लावते, अशी आपल्या बोलण्याची जुनी खोड आहे. काका काही कपटाने बोलत नाहीत. छापील श्रद्धांजल्या वाचून वाचून तो शब्द आपसूक तोंडात येतो, त्याच्या मागोमाग ‘सोशिक’ येतो, मग ‘कष्टाळू’, आणि ‘अन्नपूर्णा’ तर येतोच.

त्या शेवटच्या शब्दाशी मात्र जरा थांब, कारण तुझ्या आजीच्या गोष्टीत तो नुसता गौरवाचा शब्द नाही. गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेले हजारो पुरुष बायकापोरांना गावी ठेवून एकेका खोलीत दहा-वीस जण पाळीपाळीने झोपायचे. त्यांना जेवू घालणाऱ्या तुझ्या आजीसारख्या खाणावळवाल्या बायका होत्या. माणसं पगार झाल्यावर पैसे देणार आणि वाण्याला मात्र आधी द्यायचे, म्हणून दागिने, भांडी सावकाराकडे जायची. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी याच बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जं मिळवून दिली. त्या गोवा मुक्तिसंग्रामातल्या कार्यकर्त्या, पुढे त्यांना पद्मश्रीही मिळाली. तुझी आजी त्या मंडळात होती का, ते विचार. ट्रंकेत बँकेचं जुनं पासबुक किंवा नऊवारीतल्या बायकांचा घोळक्याने काढलेला फोटो आहे का, तेही बघ. नसेल तर नसेल. पण काकांना ज्याची लाज वाटते, तो मुंबईच्या इतिहासातला मोठा धंदा होता आणि तो बायकांनी चालवला, हे त्यांच्या कानावर जाऊ दे.

लाज का वाटते, हेही समजून घे. चाळीतल्या त्या खोलीत त्यांना अभ्यासाला कोपरा नव्हता. जेवणाऱ्यांची ताटं मांडणारा, पाणी वाढणारा, डबा पोचवणारा पोऱ्या बहुधा तेच असणार. शाळेतल्या मित्राने एखाद्या वेळी त्यांना डबा नेताना पाहिलंही असेल. तेव्हा त्यांच्याशी वाद घालू नकोस. नुसतं विचार, ‘काका, तुम्ही दिवसाला किती ताटं उचलायचात?’ आणि गप्प बस.

त्याआधी ती वही नीट बघ. आजीला अक्षरओळख नव्हती, मग नोंदी कुणी केल्या? पहिलं अक्षर आत्याचं असणार. सातवीतून काढलेल्या पोरीला तेवढं लिहायला येत होतं, म्हणून भाकऱ्यांबरोबर हिशेबही तिच्याच गळ्यात पडला असणार. अक्षर जिथे बदलतं ते पान काढ आणि आत्याच्या लग्नाचं साल विचार. ती सासरी गेल्यावर घरात लिहिणारं कोण उरलं? पैज लावत नाही, पण काकांनी पाठवलेलं एखादं जुनं पत्र किंवा भाऊबीजेच्या पाकिटावरचं नाव त्या पानाशेजारी ठेवून बघ. जी वही रद्दीत टाक म्हणतात, तिची मागची अर्धी त्यांच्याच हातची निघाली तर मला नवल वाटणार नाही.

शेवटची नोंदही बघ. गिरणी संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला. कामगारनेते दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही. पगार थांबले, माणसं हळूहळू गावी परतली, आणि गिरण्या पुढे एकेक करून कायमच्या बंद पडत गेल्या. तुझ्या वहीत मे महिन्यापर्यंत नोंदी आहेत. म्हणजे पगार बंद असलेली माणसं चार महिने तिच्याकडे जेवत होती आणि ती मांडून ठेवत होती. आजोबाही संपावर, म्हणजे घरातला दुसरा पैसाही थांबलेला. जानेवारीपासूनच्या न खोडलेल्या आकड्यांची बेरीज कर. ती रक्कम पुस्तिकेत छाप, खाली एक ओळ पुरे. ‘त्याग’ हा शब्द त्या पानावर नको, आकडा पुरेसा बोलेल.

एक पथ्य मात्र पाळ. उधारी राहिलेल्यांची नावं छापू नकोस. ती माणसं पळून गेली नव्हती, त्यांची गिरणी गेली होती. त्यांचीही नातवंडं कुठे ना कुठे असतील. वहीच्या पानाचा फोटो टाकायचा तर नावांवर कागदाची पट्टी ठेवून काढ. दिवसाच्या उजेडात, खिडकीशी, फ्लॅश न वापरता. आणि हौसेने पानं लॅमिनेट करून आणू नकोस. जुन्या कागदाची त्याने वाट लागते.

आत्याचं म्हणणं हा सगळ्यात अवघड भाग.

‘दुष्काळाच्या साली’ ती म्हणते, ते १९७२. ती नुसती बोलायची पद्धत नाही. त्या साली महाराष्ट्रात जनावरं छावणीवर होती, धडधाकट शेतकरी आणि त्यांच्या बायका खडी फोडायला रस्त्याच्या कामावर होत्या, पोरांच्या हातात सुकडी आणि ताटात लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, भाकरी होती. माणदेशात एरवीही पाऊस नावालाच. तिकडची माणसं अशा वर्षी मुंबईतल्या गाववाल्यांकडे येणार नाहीत तर कुठे जाणार? आत्याला विचार, त्या वर्षी खाणावळीत जेवणारे किती वाढले, खोलीत गावाकडचं कोण कोण येऊन राहिलं. मला वाटतं पोरगी शाळेतून का काढली याचं उत्तर तिथे सापडेल.

पण कारण सापडलं म्हणून आजी सुटली, असं लिहू नकोस. घरात मुलगाही होता. त्याला परातीपुढे कुणी बसवलं नाही. तो शिकला, चांगल्या नोकरीला लागला असेल, आणि त्याच्या फीमध्ये त्याच्या बहिणीच्या भाकऱ्या होत्या. इथे तुझा हात ‘परिस्थितीमुळे आत्याला शिक्षण सोडावं लागलं’ असं लिहायला जाईल. मराठीत ही फार सोयीची रचना आहे. ‘सोडावं लागलं’ म्हटलं की सोडायला लावणारं माणूस वाक्यातून अलगद बाहेर पडतं. लिहायचं तर ‘आजीने तिला शाळेतून काढलं’ असं लिही. आणि त्याच ताकदीने ‘आजीने वीस वर्षं खाणावळ चालवली’ असंही लिही, ‘चालवावी लागली’ नको. वीस की पंधरा, ते आत्याकडून पक्कं करून घे. दोन्ही कामं तिनेच केली. एकाचं श्रेय द्यायचं आणि दुसऱ्याचा दोष परिस्थितीवर ढकलायचा, असं नको.

शाळेचं वाक्य छापायचं की नाही, हे ना तू ठरवायचं ना काकांनी. ते आत्याचं आयुष्य आहे. तिला एक अख्खं पान दे, तिच्या नावाने. तिने बोलावं, तू उतरवून घ्यावंस, तिच्याच बोलीत, ‘आन्’ला ‘आणि’ न करता, आणि छापण्याआधी तिला वाचून दाखवावंस. ऐकून ती म्हणाली, ‘ऱ्हाऊ दे, काढ त्येवढं’, तर मुकाट्याने काढ. कधी कधी माणसाला ते कुणीतरी लिहून घ्यावं एवढंच हवं असतं, चारचौघांत वाटलं जावं असं नसतं.

तिला बोलतं कसं करायचं? ‘आजी कशी होती?’ असं अजिबात विचारू नकोस. त्याला ‘लई मायाळू’ हेच उत्तर येतं, आणि मग डोळ्यांना पदर. सकाळी दार कोण उघडायचं, पीठ कुठल्या गिरणीतून यायचं, माशाच्या दिवशी मानकरी कोण असायचा, पैसे कुठे ठेवायची, कुणाशी भांडली होती आणि किती वर्षं बोलत नव्हती, असं विचार. समोर निवडायला मेथी घेऊन बस. हात कामात असले की तोंड मोकळं होतं. मोबाइलवर रेकॉर्डिंग लाव, तसं आधी सांग, आणि तो पालथा ठेवून विसरून जा. जमलं तर चाळीतली एखादी जुनी शेजारीणही बोलावून घे. दोघी एकमेकींना खोडत बसल्या की सोन्यासारखं हाती लागतं. जात्यावरच्या ओव्या आजी म्हणायची का, तेही विचार. हेमा राइरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यात कुणाच्या ना कुणाच्या आजीचा संसार, राग, सासुरवास तिच्याच शब्दांत आहे. तुझ्या आजीची एक जरी ओवी आत्याला आठवली तरी कव्हरवर ती घाल, संगणकातलं कमळ आणि समई नको.

तिचं माहेरचं नाव तू पत्रात लिहिलेलं नाहीस. तुला ठाऊक आहे का? नसेल तर आधी ते शोध. लग्नात तांदळावर अंगठीने नाव बदललं असेल, तर त्याआधीची पंधरा-सोळा वर्षं ती दुसऱ्याच हाकेला ओ देत होती. माहेरच्या कुणाला तरी फोन लाव. जन्मतारीखही बघ. आधार कार्डावर १ जानेवारी असेल, तर ती कार्डवाल्यांची सोय आहे, आजीचा वाढदिवस नव्हे. ‘अमक्या पिकाच्या सुगीला झाली’ असं कुणी सांगितलं तर तसंच छाप.

माझी एक गोष्ट सांगते, मग आवरतं घेते. आई गेल्यावर आम्ही भावंडांनीही अशी पुस्तिका काढली होती. चाळीस पानं, गुळगुळीत कागद. आठ लेख, आठांत मिळून ‘प्रेमळ’ सव्वीस वेळा, नंतर एका रिकाम्या दुपारी मी मोजलं. वाटायला गेले तेव्हा समोरच्या काकू उभ्या उभ्या पानं चाळत म्हणाल्या, ‘अगं, ती दर गुरुवारी मॅटिनीला जायची, ते नाही का यात?’ आम्हाला माहीतच नव्हतं. वर्षानुवर्षं, आम्ही शाळेत असताना, आई गुरुवारी दुपारी कुलूप लावून एकटी सिनेमाला जायची, परतताना भाजी घेऊन यायची, म्हणजे आम्हाला वाटावं मंडईत गेली होती. ते पान आमच्या पुस्तिकेत नाही. म्हणून तुझ्या मागे लागतेय, छापायच्या आधी चाळीत जा. मुलांना आई ठाऊक असते, शेजारणीला बाई ठाऊक असते. (चाळ पाडून टॉवर झाला असेल, तरी माणसं कुठेतरी गेली असतीलच. एक सापडली की ती बाकीच्यांचे पत्ते देते.)

सोळा पानांचं काय करायचं, तर जन्मापासून मृत्यूपर्यंतचा जीवनपट नको. खाणावळीतला एक दिवस लिही, पहाटे तीनपासून दुसऱ्या पाळीची माणसं रात्री बारानंतर जेवून जाईपर्यंत. मध्ये आत्याचं पान. वहीचं एक पान. काकांनी ताटांचा आकडा सांगितला तर त्यांचंही पान, त्यांच्या नावाने. नाही सांगितला तर त्यांचं ‘हातभार’वालं वाक्य त्यांच्या सहीखाली जसंच्या तसं छाप. तोही त्यांचा हक्क आहे, आणि वाचणारे खुळे नसतात.

ताजा कलमात तू विचारलंयस की केटररचा मेनू ठरलाय, पण तुला त्या दिवशी खाणावळीचं जेवण करावंसं वाटतं, ते चालेल का. श्राद्धाचा स्वयंपाक आहे तो रीतीप्रमाणे होऊ दे, त्यात नाक खुपसू नकोस. पण त्याच आठवड्यात एखाद्या संध्याकाळी घरचीच माणसं जमव. मटकीची आमटी, भात, खर्डा, कांदा, भाकरी. भाकऱ्या विकतच्या नकोत. दोनशे नको करायला, पंचवीस कर. तू थाप, तुझ्या चुलतभावांना थापायला लाव, वेड्यावाकड्या होतील, काठ फाटतील, खाता येतील. आत्याला मात्र त्या दिवशी स्वयंपाकघरात पाय ठेवू देऊ नकोस. ती उठेलच, ‘आगं आसं न्हाई, पाण्याचा हात फिरव’ म्हणत येईल, तरी तिला परत पाटावर नेऊन बसव. पहिल्या पंगतीला. आणि वाढायला काकांना सांग.